घाटातला पाऊस बुटका असतो

शाळेच्या भूगोलात प्रतिरोध पावसाचा धडा आपण सगळ्यांनीच शिकलोय. डावीकडे समुद्र, मध्ये त्रिकोणी डोंगर, उजवीकडे कोरडं माळरान, बाण वर गेला की ढग आणि बाण खाली आला की पर्जन्यछाया, घ्या मार्क. चित्र चूक नाहीये तसं. पण त्या त्रिकोणामुळे डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसतात, एक म्हणजे डोंगर जेवढा उंच तेवढा पाऊस जास्त, आणि दुसरी म्हणजे सगळ्यात जास्त पाऊस शिखरावर. सह्याद्रीत दोन्ही गोष्टी धड लागू पडत नाहीत.

कळसूबाई राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. पण पावसाच्या गप्पा निघाल्या की नाव कुणाचं निघतं? आंबोलीचं. आंबोली जेमतेम सातशे मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या निम्मी उंची, आणि तिथं वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. कर्नाटकातलं आगुंबे तर आंबोलीपेक्षाही थोडं बुटकं, आणि पाऊस साडेसात हजाराच्या घरात. उलट उटी बघा, सव्वादोन हजार मीटरवर बसलंय पण पाऊस बाराशे-तेराशे मिलीमीटर, कारण नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला ते निलगिरीच्या मागच्या अंगाला पडतं. म्हणजे उंची हा हिशोबातला एक आकडा झाला, अख्खा हिशोब नाही. वारा कुठल्या बाजूनं येतो, चढ किती खडा आहे, रांग किती रुंद आहे, मध्ये खिंड आहे का, पुढे अजून एक रांग आहे का, या सगळ्याला तेवढीच किंमत आहे.

मी मूळचा वाईचा, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. वाई ते महाबळेश्वर रस्त्यानं बत्तीसेक किलोमीटर. जुलैत वाईच्या स्टँडवरून एसटी निघते तेव्हा कधीकधी चक्क ऊन असतं, पसरणी घाट चढताना वारा लागायला लागतो, पाचगणीत भुरभुर, गुरेघरच्या पुढे गेलं की धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे पण उशिरा दिसतात आणि वेण्णा लेकपाशी वायपर फुल स्पीडवर. एका तासात हे सगळं. महाबळेश्वरची माणसं पाऊस अजून इंचात मोजतात, "दोनशे इंच झाला का" हा तिथला ऑगस्टमधला नेहमीचा प्रश्न, आणि खाली वाईत वर्षाचा पाऊस तीस इंच झाला तर बरं वर्ष म्हणायचं. बरं, वाई तालुका पण एकसारखा नाही, पश्चिमेला जोर-जांभळीकडं भात आणि पूर्वेला ज्वारी, हळद, आणि आता धोम धरण झाल्यापासून ऊस. अजून पूर्वेला माण-खटाव, तिथं टँकर आणि छावण्यांचं राजकारण. जिल्हा तोच.

आता हे असं का होतं. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून जो वारा येतो तो साधारण दीड किलोमीटर उंचीवर सगळ्यात जोरात असतो आणि आपला घाटमाथा पण एक-सव्वा किलोमीटरचा, म्हणजे वाऱ्याचा मुख्य झोत नेमका डोंगराच्या पातळीवर येऊन धडकतो. वर जाताना हवा थंड होते, वाफेचं पाणी होतं, इथवर शाळेतलंच. पण पुस्तकात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे वेळ. ढगातल्या बारीक कणांचा पडण्याइतका मोठा थेंब व्हायला ढोबळमानानं वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. वारा ताशी पन्नास किलोमीटरचा धरा. आपल्याकडे कोकणातून वर येणारा कडा म्हणजे भिंतच, आडवं अंतर पाच-सहा किलोमीटर असेल, ते हा वारा सहा-सात मिनिटांत पार करतो. म्हणजे कड्याच्या पायथ्याशी उचललेल्या वाफेचा थेंब तयार होईपर्यंत तो ढग माथा ओलांडून पुढे देशावर गेलेला असतो, आणि तिथं हवा परत खाली उतरायला लागते, गरम होते, थेंब वाटेतच विरायला लागतात. मग नुसता कडाच पाऊस पाडत असता तर सगळा पाऊस घाटमाथ्याच्या मागं पडायला हवा होता.

तसं होत नाही कारण हवा डोंगर लागेपर्यंत थांबत नाही, ती आधीच वर चढायला लागते. एसटीच्या दारात पुढचे दोघं अडकले की मागची रांग पार फलाटाच्या टोकापर्यंत तुंबते ना, तसं डोंगरापुढची हवा मागं तुंबत जाते आणि तिच्यावरून मागून येणारी हवा चढते. त्यामुळे महाड, पोलादपूर, चिपळूण इथं पायथ्यालाच तीन-साडेतीन हजार मिलीमीटर होतो, आणि रत्नागिरीच्या समोर भर समुद्रातसुद्धा सह्याद्रीमुळे पाऊस वाढतो असं म्हणायला जागा आहे. ग्रॉसमन आणि ड्युरन या दोन हवामानशास्त्रज्ञांनी १९८४ साली हे मांडलं होतं, की किनाऱ्यापासून आत समुद्रात जे ढग उठतात त्यात घाटाचा हात आहे. त्याच्याही आधी, १९६६ साली, हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी मुंबई-पुणे रेषेवरचा डोंगराचा उभा छेद घेऊन गणितानं पाऊस काढून दाखवला होता, आणि त्यात पावसाचा कळस डोंगराच्या माथ्यावर न येता थोडा अलीकडे, वाऱ्याच्या बाजूला येत होता. कॉम्प्युटर कसले असतील तेव्हाचे, विचार करा.

पण ही सगळी कागदावरची गणितं, त्यांना पडताळायला घाटात पर्जन्यमापक होते किती? जिथं माणूस राहतो तिथं मापक. कड्याच्या मधोमध, नाळेत, जंगलात कोण रोज सकाळी साडेआठला रीडिंग घ्यायला जाणार. आणि समुद्रात तर प्रश्नच नाही. म्हणून सॅटेलाइटचं एवढं कौतुक.

२७ नोव्हेंबर १९९७ ला जपानच्या तानेगाशिमा बेटावरून टीआरएमएम नावाचा उपग्रह सुटला, अमेरिका आणि जपान दोघांचा मिळून. त्याच्यावर पावसाचं रडार होतं, अवकाशातून पाऊस मोजणारं पहिलं रडार. सुरुवातीला साडेतीनशे किलोमीटरवरून फिरायचा, मग २००१ मध्ये इंधन वाचवायला चारशेवर नेला. ते रडार वरून खाली सिग्नल टाकायचं आणि थेंबांवरून परत आलेला सिग्नल अडीचशे-अडीचशे मीटरच्या थरांत मोजायचं, म्हणजे पाऊस कुठे पडतोय एवढंच नाही तर तो कुठल्या उंचीपासून सुरू होतोय हेही कळायचं. एक ठिपका चार-पाच किलोमीटरचा. मात्र हा काही आपल्या डोक्यावर कायम उभा नसतो, पट्टा अरुंद, त्यामुळे एकाच गावावर रडारची नजर परत पडायला दिवस जायचे, आणि नेमकं तेव्हाच उघडीप असली तर काय उपयोग. म्हणून एका पावसाळ्याचा डेटा बघून काही समजत नाही. वर्षानुवर्षांचा साठवून सरासरी काढली की चित्र उमटतं. आणि हा गडी २०१५ पर्यंत चालला, त्यामुळे भरपूर साठला.

दुसरीकडे डोंगराचा नकाशा पण अवकाशातूनच आला. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यान अकरा दिवसांच्या सफरीवर गेलं, त्याला साठ मीटर लांब दांडा बाहेर काढलेला, दोन टोकांना रडारचे अँटेना, आणि एवढ्या दिवसांत त्यांनी जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजून आणली. आज आपण मोबाईलवर ट्रेकचा चढ-उतार बघतो त्यातल्या बऱ्याच ॲपच्या मुळाशी हाच डेटा असतो. तर एका हातात उंचीचा नकाशा, दुसऱ्या हातात पावसाचा, आता एकावर एक ठेवा.

ठेवल्यावर काय दिसलं? २००६ साली हवामानशास्त्रज्ञ शांग-पिंग शिए आणि सहकाऱ्यांनी आख्ख्या आशियाच्या मान्सूनसाठी हेच केलं. मोठे ठळक पट्टे दिसले ते अरुंद डोंगररांगांना चिकटलेले, सह्याद्री, म्यानमारचा आराकान, व्हिएतनामची अन्नाम रांग, फिलिपिन्स. हिमालय-तिबेटच्या मानाने या रांगा म्हणजे किरकोळ, हवामानाच्या जुन्या जागतिक कॉम्प्युटर मॉडेलमध्ये तर त्या सपाटच होऊन जायच्या, पण पाऊस त्यांच्याच वाऱ्याकडच्या बाजूला गोळा झालेला. आर. पी. सरकारांचं गणित आणि हे चित्र एकाच दिशेला बोट दाखवतंय हे बघून मला तरी जाम भारी वाटलं होतं.

नंतर खास सह्याद्रीवर पण रडारच्या डेटानं काम झालं आणि त्यातला निष्कर्ष मला वेळेच्या त्या मुद्द्याला अगदी बसणारा वाटतो. महाराष्ट्राकडे आणि केरळकडे डोंगर अरुंद, खडे, तुटक. कर्नाटकात रांग रुंद, सलग आणि चढ त्यामानाने संथ, आणि पाऊस तिथं जास्त पसरून आणि जास्त भरलेला. संथ चढावर हवेला चढायला वेळ मिळतो, थेंबाला मोठं व्हायला वेळ मिळतो, आणि तो डोंगर संपायच्या आत खाली पडतो. आगुंबेचं कोडं मला तरी यानं बरंचसं सुटल्यासारखं वाटतं. आणि पालघाटची खिंड, तीस-चाळीस किलोमीटर रुंद, तिथं वारा सरळ आरपार जातो, वर चढायची त्याला गरजच पडत नाही.

इथपर्यंत सॅटेलाइटचं गुणगान झालं, आता माझा खरा मुद्दा. घाटातला पाऊस सॅटेलाइटला नीट दिसत नाही. आणि का दिसत नाही हे समजून घेतलं की पाऊस स्वतःच जास्त समजतो.

वळीव आठवा. एप्रिल-मे मधली दुपार, आभाळ काळंभोर, ढग दहा-बारा किलोमीटर उंच, गडगडाट, गारा, टपोरे थेंब, पाऊण तासात खेळ खलास. आता आषाढातलं महाबळेश्वर आठवा. चार-चार दिवस गडगडाट नाही, वीज नाही, नुसती संततधार आणि धुकं. तिथल्या पावसात जॅकेटच्या बाहीवर थेंब बघितलेत का कधी, टपोरे फार कमी, बारीक बारीक दाट पडतात, आणि वाऱ्यानं आडवे येतात म्हणून छत्री निव्वळ शोभेला. आयआयटीएम या पुण्यातल्या हवामान संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी लॅब २०१२ पासून महाबळेश्वरात आहे, त्यांच्या थेंब मोजणाऱ्या यंत्रांनी पण हेच सांगितलंय, बारीक थेंबांची गर्दी. तर हा पाऊस देणारे ढग बुटके असतात, पाच-सहा किलोमीटरच्या आतले बरेचसे. जिथं पाणी गोठायला लागतं ती पातळी आपल्याकडे पावसाळ्यात साडेपाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे या ढगांत बर्फ जवळजवळ नाहीच, सगळा कारभार पाण्याचा.

आता वरून बघणाऱ्याची पंचाईत बघा. इन्सॅटसारखा उपग्रह ढगाच्या टाळूचं तापमान बघतो, टाळू जेवढी थंड तेवढा ढग उंच आणि तेवढा पाऊस जास्त, असा त्याचा अंदाज. वळवाला हे झकास लागू पडतं. घाटातल्या बुटक्या ढगाची टाळू त्यामानाने उबदार, म्हणून तो म्हणणार काही विशेष नाही, आणि खाली तेव्हा रस्ते वाहून चाललेत. दुसरी पद्धत मायक्रोवेव्हची, खालून वर येणाऱ्या त्या लहरी मोजायची. समुद्रावर ती थेंबांकडून येणारा सिग्नल पकडते, पण जमीन स्वतःच एवढा सिग्नल देते की त्यात थेंब हरवतात, मग जमिनीवर ती ढगातल्या बर्फाच्या कणांवर भिस्त ठेवते. घाटात बर्फ कुठून आणायचा? राहिलं रडार. ते सगळ्यात प्रामाणिक, खरोखर थेंबच बघतं, पण डोंगरावरून त्याला जमिनीचाच एवढा मोठा प्रतिध्वनी येतो की जमिनीलगतचा एक-दोन किलोमीटरचा थर टाकूनच द्यावा लागतो. आणि घाटातला पाऊस वाढतो नेमका कुठं? त्याच थरात, वरून पडणारा थेंब खालच्या धुक्यातून येताना तिथले कण गोळा करत मोठा होतो.

म्हणजे तीन वेगवेगळे डोळे आणि तिघांनाही एकाच जागी मोतीबिंदू! आकडे कमी येणार, आणि येतात. महाबळेश्वरचा मापक आणि त्याच जागचा उपग्रहाचा अंदाज शेजारी ठेवला तर मोठ्या पावसाच्या दिवशी तफावत डोळ्यात भरते. २३ जुलै २०२१ ला सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलीमीटर मोजला गेला, ज्या पावसात तळिये गाव दरडीखाली गेलं, चिपळूण बुडालं. अशा दिवसाचा आकडा काढताना फक्त वरच्या नजरेवर विसंबणं धोक्याचं आहे, हे मी कुठल्याही वेदर ॲपचा नकाशा शेअर करणाऱ्या मित्राला सांगत असतो, तो ऐकत नाही ही गोष्ट वेगळी.

जपान्यांनी यावर एक छान उपाय काढला. शोइची शिगे आणि त्यांच्या टीमनी म्हटलं की ढगाच्या टाळूवरून कळत नाही ना, मग डोंगर आणि वारा यांनाच विचारू. वारा चढावर किती जोरात चढतोय आणि सोबत किती ओल आणतोय हे आधी बघायचं, आणि दोन्ही भरपूर असेल तर मायक्रोवेव्हच्या सिग्नलचा अर्थ वेगळ्या तक्त्यानं लावायचा, बुटक्या पावसाच्या. यानं पश्चिम घाटावरचा अंदाज सुधारला. फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात तसं झालं हे, डोंगराचा पावसावर काय परिणाम होतो हे शोधायला उपग्रह पाठवला आणि उपग्रहाला पाऊस नीट वाचता यावा म्हणून त्याला डोंगर शिकवावा लागला.

२०१४ च्या फेब्रुवारीत जीपीएम आला, टीआरएमएमचा वारसदार, तो पण तानेगाशिमावरूनच, आणि त्याच्या रडारला एका ऐवजी दोन फ्रिक्वेन्सी आहेत त्यामुळे बारीक पाऊस पकडायला तो जास्त बरा. त्याच्यासकट बऱ्याच उपग्रहांचं मिळून एक एकत्र उत्पादन निघतं, आयमर्ग, दर अर्ध्या तासाला, साधारण अकरा किलोमीटरच्या चौकोनात. आधीच्या टीआरएमएमच्या नकाशात चौकोन पंचवीसेक किलोमीटरचा होता, म्हणजे महाबळेश्वर आणि पाचगणी सहज एका चौकोनात येऊ शकतात. पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी आहे हो! सरासरी काढून जो आकडा आला तो ना इथला ना तिथला. अकरा किलोमीटरलाही घाटातल्या दोन खोऱ्यांत फरक करता येत नाहीच. कोयनेचं खोरं घ्या, नदी महाबळेश्वरातून निघून पासष्टेक किलोमीटर दक्षिणेकडं, माथ्याला अगदी समांतर वाहते आणि मग हेळवाकपाशी पूर्वेला वळते. म्हणजे पहिली धार ओलांडून आलेला पाऊस झेलायला लांबच्या लांब खोरं आयतं मागं उभं. कोयना धरणाची जागा म्हणूनच अशी की पावसाळ्यात पेपरात रोज कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर असे तीन आकडे छापून येतात आणि तिघांच्या तीन तऱ्हा.

आमच्या बाजूचं अजून एक राहिलं. वाई आणि भोरच्या मध्ये मांढरदेवचा डोंगर, काळूबाईचा, तिथं आयआयटीएमचं जमिनीवरचं रडार आहे. ते एकाच वेळी घाटमाथाही बघतं आणि पलीकडचा देशही. गंमत म्हणजे देशाकडे जे ढग उठतात ते संख्येनं कमी पण उंचीला जास्त असतात. म्हणजे पर्जन्यछायेतला ढग उंच आणि पाऊस कमी, घाटातला ढग बुटका आणि पाऊस धो धो. इन्सॅटच्या रंगीत चित्रात माण-खटाववर लाल-जांभळा ठिपका दिसला आणि घाटावर नुसता राखाडी, तर कुणाकडे जास्त पडतोय याची पैज लावताना जरा जपून.

ज्यांना हे स्वतः करून बघायचंय त्यांनी नासाच्या जिओव्हानी साईटवर अकाउंट काढा, फुकट आहे, कोडिंग नको. आयमर्ग निवडायचं, चौकोन मुंबई ते सोलापूर असा ओढायचा आणि जुलैची काही वर्षांची सरासरी काढायची. 'फायनल' लिहिलेलं घ्या, त्यात जमिनीवरच्या मापकांचे महिन्याचे आकडे मिसळून दुरुस्ती केलेली असते, तरी महाबळेश्वर कमीच येईल, ते का ते वर सांगितलंय. किनाऱ्याला समांतर जाड पट्टा दिसेल आणि पुण्याच्या पुढे रंग एकदम फिका पडेल. मग तेच सप्टेंबरसाठी वेगळं काढा. वारा मंदावलेला असतो, घाटाकडचा पट्टा विरळ होतो आणि सोलापूरकडे, जुलैत फिक्या असलेल्या भागात, रंग चढलेला दिसतो. सोलापूरचा सगळ्यात पावसाचा महिना सप्टेंबरच, आणि तो पाऊस उंच ढगांचा, विजांचा. तो मात्र वरून चांगला दिसतो. जुलै आणि सप्टेंबर एकत्र करून सरासरी काढू नका, दोन्ही वाया जातील.